दुकान उघडं, अलार्म बंद? आर्म, डिसआर्म आणि झोन म्हणजे नेमकं काय

२१ ऑक्टोबर २०२१, गुरुवार. दुपारी दीडच्या सुमारास शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बँक ऑफ महाराष्ट्रच्या शाखेत पाच जण शिरले. तोंडं झाकलेली, हातात पिस्तुलं. कर्मचाऱ्यांना आणि ग्राहकांना धाक दाखवून त्यांनी रोकड आणि तारण ठेवलेलं सोनं उचललं आणि मोटारीतून पसार झाले. गेलेला ऐवज दोन कोटी रुपयांच्या पुढचा होता. पुणे ग्रामीण पोलिसांनी पुढच्या काही दिवसांत आरोपींना पकडलं, पण सीसीटीव्हीत टिपलेली ती काही मिनिटं त्याआधीच अनेकांच्या मोबाइलवर पोहोचली होती.

असा कोणताही व्हिडिओ पाहिला की खाली हमखास एक प्रश्न येतो: बँकेत अलार्म नसतो का?

असतो. बँकेत असतो, पतसंस्थेत असतो, सराफाच्या दुकानात असतो, आता तर बंगल्यांतही असतो. पण रात्री दीड वाजताचा अलार्म आणि दुपारी दीड वाजताचा अलार्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटी तीच, तारा त्याच, भोंगाही तोच. बदललेलं असतं ते एवढंच, की इमारतीचा कोणता भाग जागा आहे आणि कोणता झोपवलेला आहे. अलार्म बसवणारे यालाच ‘आर्म’ आणि ‘डिसआर्म’ म्हणतात, आणि इमारतीच्या त्या भागांना ‘झोन’.

हा फरक कायद्यालाही ठाऊक आहे. पोलिसांच्या नोंदीत दिवसाची घरफोडी आणि रात्रीची घरफोडी वेगळी मोजली जाते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेल्या घरफोडीला भारतीय न्याय संहितेत शिक्षाही जास्त आहे. (पाच किंवा जास्त जणांनी मिळून केली की तीच जबरी चोरी ‘दरोडा’ ठरते. पिंपरखेडच्या घटनेला सगळ्यांनी दरोडा म्हटलं, ते केवळ रक्कम मोठी होती म्हणून नव्हे.)

झोन म्हणजे खोली नव्हे

अलार्मच्या मुख्य पेटीला पॅनेल म्हणतात. त्यात छोट्या जोडण्यांची एक रांग असते: आठ, सोळा किंवा त्याहून जास्त. प्रत्येक जोडणीतून एक तार निघते आणि एखाद्या सेन्सरपर्यंत, नाहीतर सेन्सरच्या गटापर्यंत जाते. ती एक जोडणी म्हणजे एक झोन. पॅनेलला खोल्या कळत नाहीत, माणसं कळत नाहीत. त्याला फक्त ‘झोन ३ शांत आहे’ किंवा ‘झोन ३ हलला’ एवढंच कळतं.

शिरूरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर आणा. पुढे शटर, शटरला मॅग्नेट: एक तुकडा शटरवर, दुसरा चौकटीवर, दोघांची ताटातूट झाली की झोन हलला. हॉलच्या कोपऱ्यात छताजवळ पांढरा पीआयआर सेन्सर, जो अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. मागच्या खिडकीला मॅग्नेट. तिजोरीच्या खोलीत आणखी एक पीआयआर आणि भिंतीला कंपन ओळखणारा सेन्सर, कारण भिंत फोडून आत शिरणं हा आपल्याकडचा फार जुना धंदा आहे. कॅशियरच्या पायाशी आणि मॅनेजरच्या टेबलाखाली पॅनिक स्विच. छताला धूर ओळखणारा सेन्सर.

आता संध्याकाळी शाखा बंद करताना कोणी कीपॅडवर आकडे दाबतो आणि ‘अलार्म लावतो’. म्हणजे पॅनेलला सांगतो: यापुढे शटर, हॉल, खिडकी, तिजोरीची खोली यांपैकी काहीही हललं तर भोंगा वाजव. हे आर्म करणं. सकाळी कोड दाबला की पॅनेल म्हणतं: ठीक, आता शटर उघडलं तरी, हॉलमध्ये पन्नास माणसं फिरली तरी मी गप्प. हे डिसआर्म करणं.

सेन्सर मात्र दोन्ही वेळा काम करतच असतात. डिसआर्म केलेल्या हॉलमध्ये पीआयआरच्या खालून गेलात तर त्यातला छोटा लाल दिवा बहुधा लुकलुकतो. त्याने तुम्हाला पाहिलं, पॅनेललाही सांगितलं. पॅनेलने फक्त दुर्लक्ष केलं. आर्म आणि डिसआर्म म्हणजे सेन्सर चालू-बंद करणं नव्हे. पॅनेलने कोणाचं ऐकायचं, हे त्यातून ठरतं.

जे कधीच झोपत नाहीत

कोड दाबून डिसआर्म केलं की सगळं गप्प होतं, असं बहुतेक दुकानदार धरून चालतात. ते चूक आहे, निदान चूक असायला हवं. काही झोन पॅनेलमध्ये ‘२४ तास’ या प्रकारात टाकलेले असतात. त्यांना कीपॅडवरचा कोड लागू होत नाही. पॅनिक स्विच त्यात येतो, धुराचा सेन्सर येतो, आणि पॅनेलचं किंवा भोंग्याचं झाकण कोणी उघडलं तर ओरडणारा टॅम्पर स्विचही येतो.

भर दुपारी शाखा उघडी असताना इमारतीच्या अलार्ममधला एवढाच भाग जागा असतो. त्यातही धूर आणि टॅम्पर बाजूला काढले तर पिस्तूल रोखलेल्या माणसासमोर उरतो फक्त पॅनिक स्विच. आणि तो आपोआप वाजत नाही, त्याला माणसाचा हात किंवा पाय लागतो. ‘हात वर’ म्हटल्यावर हात टेबलाखाली जाऊ शकत नाही, म्हणून जाणकार बसवणारे कॅश काउंटरला पायाने दाबायचा स्विच देतात. आणखी एक जुनी युक्ती म्हणजे गल्ल्यातल्या शेवटच्या नोटांखाली ठेवलेला चिमटा. गल्ला रिकामा करताना ती नोट ओढली गेली की संपर्क जुळतो आणि संदेश जातो. कॅशियरला वेगळं काही करावं लागत नाही, फक्त मागितलेले पैसे द्यावे लागतात.

पॅनिक दाबल्यावर भोंगा वाजावा की नाही, यावर दोन मतं आहेत. समोर हत्यार असताना डोक्यावर भोंगा सुरू झाला तर घाबरलेला दरोडेखोर काय करील याचा नेम नाही. म्हणून पॅनिक झोन ‘सायलेंट’ ठेवता येतो: आत काहीच ऐकू येत नाही, बाहेर फोन जातात. दुसरी बाजू अशी की गावातल्या शाखेत पोलिस पोहोचायला वेळ लागतो आणि भोंग्याने निदान शेजारचे लोक बाहेर येतात. शहरी शाखेला पहिला पर्याय शोभतो, आडगावात निर्णय अवघड आहे. पण तो निर्णय बसवणाऱ्या तंत्रज्ञाने त्याच्या सवयीने घेऊ नये, शाखेने स्वतः घ्यावा. कित्येक ठिकाणी आपला पॅनिक आवाज करतो की मुका आहे हे कर्मचाऱ्यांनाच माहीत नसतं, कारण तो कधी दाबूनच पाहिलेला नसतो.

अर्धी इमारत जागी ठेवता येते

दिवसा हॉल डिसआर्म करणं भाग आहे. पण तिजोरीची खोली? तिथे दिवसभरात कितीदा जावं लागतं?

इथे ‘पार्टिशन’ कामाला येतं. झोन म्हणजे एक तार, तर पार्टिशन म्हणजे झोनचा गट, ज्याला स्वतंत्र आर्म आणि डिसआर्म करता येतं. एकाच पॅनेलमध्ये हॉल हा एक गट आणि तिजोरीची खोली दुसरा. सकाळी हॉल डिसआर्म झाला तरी तिजोरीची खोली आर्मच राहते. ती उघडायची असेल तेव्हा वेगळा कोड, आणि काम झालं की पुन्हा आर्म. बँकांत तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागलेल्या असतात, त्याच धर्तीवर हे चालतं. अशा शाखेत दुपारी दीड वाजता कोणी परवानगीशिवाय तिजोरीच्या खोलीत पाय ठेवला तर तिथला झोन रात्रीसारखाच बोलतो, कोणी काही न दाबता.

मध्यम दर्जाच्या बहुतेक पॅनेलमध्ये ही सोय असते. ती वापरली जात नाही याचं कारण पैसा नसून कंटाळा आहे. दिवसातून चार वेळा वेगळा कोड कोण दाबणार? मग पहिल्याच आठवड्यात सगळे झोन एकाच गटात टाकले जातात. सकाळी एक कोड, संध्याकाळी एक कोड, मधले आठ-नऊ तास पूर्ण मोकळे.

रांजणगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांना मात्र पार्टिशनशिवाय गत्यंतर नसतं. तिथे तीन पाळ्या चालतात, इमारत कधी रिकामीच नसते. उत्पादनाचा भाग कायम डिसआर्म, पण तयार मालाचं गोदाम रात्री आर्म, कार्यालय सहानंतर आर्म. कुरकुंभच्या रासायनिक पट्ट्यात वायुगळती आणि आगीचे सेन्सर तर ‘डिसआर्म’ या कल्पनेच्याच बाहेर असायला हवेत. मोठ्या उद्योगांत आगीची यंत्रणा चोरीच्या अलार्मपासून वेगळ्या पॅनेलवर ठेवतात, ती याच कारणाने: रखवालदाराच्या एका चुकीच्या कोडने धुराचा सेन्सर मुका होता कामा नये.

बँकेत लॉकर असणाऱ्यांसाठी जाता जाता एक माहिती. रिझर्व्ह बँकेचे लॉकरविषयीचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार आग, चोरी, घरफोडी, दरोडा यांत लॉकरमधल्या वस्तू गेल्या तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे, आणि लॉकरच्या खोलीत येण्या-जाण्याचं सीसीटीव्ही चित्रीकरण किमान १८० दिवस ठेवावं लागतं. तारण ठेवलेलं सोनं या नियमात येत नाही. ते लॉकर नव्हे, कर्जाची हमी आहे.

तार कापली तर?

चित्रपटात चोर तार कापतो आणि अलार्म मुका होतो. प्रत्यक्षात बरोबर उलटं होतं.

१८५३ साली अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप यांनी पेटंट घेतलेला विजेचा पहिला चोर-अलार्म असा होता की दार उघडलं की सर्किट जुळून घंटा वाजायची. आजची बहुतेक पॅनेलं याच्या उलट चालतात. प्रत्येक झोनच्या तारेतून सतत एक बारीक विद्युतप्रवाह फिरत असतो. दार उघडलं की मॅग्नेट तो तोडतो, आणि तार कापली तरीही तो तुटतो. पॅनेलच्या लेखी दोन्ही सारखंच.

हुशार चोर म्हणून तार कापत नाही, दोन तारा एकमेकींना जोडून देतो. म्हणजे पुढे दार उघडलं तरी प्रवाह तुटत नाही. त्यावर उपाय म्हणून तारेच्या अगदी शेवटी, सेन्सरच्या आत, एक छोटा रेझिस्टर बसवतात. पॅनेल त्याचं ठरलेलं मूल्य मोजत राहतं. मध्येच तारा जोडल्या की मूल्य शून्यावर येतं आणि पॅनेलला कळतं.

पण सेन्सर भिंतीवर उंच, शिडीवर चढून उघडायचा. पॅनेल समोरच, हाताशी. म्हणून घाईतले कारागीर तो रेझिस्टर तारेच्या टोकाला न लावता पॅनेलमध्येच लावून मोकळे होतात. अलार्म व्यवस्थित चालतो, चाचणीतही पास होतो, फक्त तारा जोडल्याचं त्याला कधीच कळणार नाही. बसवून घेणाऱ्याने विचारायचा एकच प्रश्न: रेझिस्टर कुठे लावला?

आणि हे काम चोर रात्री करत नाही. तो दिवसा ग्राहक, रंगारी किंवा एसी दुरुस्त करणारा म्हणून येतो, जेव्हा झोन डिसआर्म असतात. टॅम्परची तार २४ तासांच्या झोनवर टाकलेली असेल तर त्याने सेन्सरचं झाकण उघडताक्षणी भर दुपारी कीपॅड किंचाळतो.

दार उघडल्यापासून कीपॅडपर्यंत

घरात प्रश्न वेगळा असतो. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. गाड्यांवर काम करणाऱ्या माणसांच्या ड्युटीला दिवस-रात्र नाही. घरातली माणसं झोपलेली, आणि कमावता माणूस रात्री पावणेतीनला गाडीवरून उतरून घरी येतो. अशा घरात पूर्ण आर्म करून चालणार नाही, कारण पाण्यासाठी उठलेल्या मुलावरही पीआयआर भोंगा वाजवेल.

त्यासाठी पॅनेलमध्ये दोन प्रकारचं आर्मिंग असतं. घर रिकामं असताना ‘अवे’: दारं, खिडक्या आणि आतले पीआयआर सगळे जागे. माणसं घरात असताना ‘स्टे’: फक्त दारं-खिडक्या जाग्या, आतली हालचाल माफ. रात्री झोपताना स्टे, सगळे लग्नाला निघाले की अवे. बरीच कुटुंबं फक्त अवे शिकतात आणि मग घरात माणसं असताना अलार्म लावतच नाहीत. रात्री माणसं घरात असतानाही चोऱ्या होतात, त्यांचं काय?

आता रात्री पावणेतीनला परतणाऱ्याचा प्रश्न. त्याने मुख्य दार उघडलं की झोन हलणारच. म्हणून मुख्य दाराचा झोन ‘विलंबाचा’ ठेवतात. दार उघडल्यावर पॅनेल तीस-चाळीस सेकंद नुसतं बीप करतं. तेवढ्यात कोड दाबला तर ठीक, नाहीतर भोंगा. बाहेर पडतानाही असाच अवधी मिळतो. बाकीचे सगळे झोन तत्काळ: खिडकी हलली की लगेच आवाज, कारण घरचा माणूस खिडकीतून येत नाही.

दार आणि कीपॅड यांच्या मधल्या वाटेवर पीआयआर असेल तर त्याला ‘फॉलोअर’ करतात. दार आधी उघडलं तर तो दाराबरोबर थांबतो. दार न उघडता थेट तोच हलला, म्हणजे कोणी कौलं काढून किंवा मागच्या बाजूने आला, तर तो थांबत नाही. ही एवढी बारीक समज पॅनेलमध्ये असते, फक्त ती बसवताना भरावी लागते. वाटेवरचा पीआयआर साधा तत्काळ ठेवला तर घरचा माणूस रोज स्वतःच्याच घरात चोर ठरतो, आणि तिसऱ्या दिवशी अलार्म कायमचा बंद होतो.

अवधी किती ठेवावा? दारापासून कीपॅडपर्यंत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चष्मा शोधून जायला लागेल तेवढा. त्याहून जास्त नको. ९० सेकंद ठेवले तर तेवढ्यात चोर कपाटापर्यंत पोहोचतो.

मांजर, पाल आणि ‘बायपास’

अलार्म निकामी होतो तो बहुधा चोरामुळे नाही, मांजरामुळे.

मागच्या खिडकीजवळच्या झोनवर रात्री दोनदा भोंगा वाजतो. पहिल्या वेळी शेजारी उठतात. पाचव्या वेळी कूस बदलतात. मालक तंत्रज्ञाला बोलावतो, तंत्रज्ञ तो झोन ‘बायपास’ करतो, म्हणजे पॅनेलला सांगतो की बाकीचं आर्म कर, याला सोड. तात्पुरतं. मग ते तात्पुरतं वर्षभर चालतं. भोंगा वाजत नाही, सगळे खूश, आणि मागची खिडकी रोज रात्री उघड्या दारासारखी असते.

बायपासचा दुसरा उगम घाईत आहे. एखादा झोन उघडा असेल, खिडकी नीट लागलेली नसेल, तर पॅनेल आर्म व्हायला नकार देतं. संध्याकाळी सात वाजता शेवटची एसटी गाठायची असलेला माणूस खिडकी बघायला मागे जात नाही, बायपासचं बटण दाबतो. काही पॅनेलं पुढच्या वेळी डिसआर्म करताच हा बायपास आपोआप पुसतात, काही पुसत नाहीत. आपलं कोणत्या जातीचं आहे हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मूळ आजारावर उपाय बहुधा साधे असतात. पीआयआर साधारण सात-आठ फुटांवर, खिडकीकडे किंवा थेट उन्हाकडे तोंड न करता लावायचा. सेन्सरच्या काचेवर पाल बसली तर तिला तो माणसाएवढीच मोठी समजतो, म्हणून मागच्या फटी बुजवायच्या. ‘प्राण्यांना न जुमानणारा’ म्हणून मिळणारा सेन्सर जमिनीवरच्या मांजराला सोडतो, कपाटावर चढलेल्याला नाही. सैल शटर वाऱ्याने हलत असेल तर मॅग्नेट बदलून उपयोग नाही, शटर घट्ट करावं लागतं.

मे महिन्याची गंमत आणखी वेगळी. पीआयआर अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक बघतो. पत्र्याच्या गोदामात भिंतच माणसाच्या अंगाइतकी तापली की फरक उरत नाही आणि सेन्सर मंदावतो. चांगले सेन्सर तापमान बघून स्वतःला जुळवून घेतात, स्वस्तातले घेत नाहीत.

अंगणात आणि शेतावरच्या घराबाहेर लावलेल्या सेन्सरचा तर विचारच सोडावा, निदान भोंग्याशी जोडून. शिरूर तालुका जुन्नर वन विभागात येतो, उसात बिबट्या आहे, त्याच्या मागे धावणारी कुत्री आहेत. बाहेरच्या सेन्सरला दिवा जोडावा, भोंगा नाही.

कोडची चौकशी

ज्या कोडने सगळं डिसआर्म होतं तो किती जणांना माहीत आहे? दुकानातून गेल्या दिवाळीत काम सोडून गेलेल्या मुलाला?

प्रत्येकाला वेगळा कोड देणं हे यंत्रणेत असतंच. त्याचा फायदा असा की पॅनेल नोंद ठेवतं: कोणत्या कोडने, किती वाजता आर्म, किती वाजता डिसआर्म. रविवारी रात्री अकराला दुकान कोणी डिसआर्म केलं याचं उत्तर तिथे मिळतं. सगळ्यांचा कोड एकच असेल तर उत्तर ‘कोणीतरी’ एवढंच. आणि वर्षानुवर्षं तोच कोड राहिला की कीपॅडवरची चार बटणं झिजून चकचकीत होतात. चार वेगळे आकडे कळले की उरतात फक्त २४ जोड्या.

आणखी एक कोड असतो, जो फार थोड्यांना माहीत आहे: दबावाचा कोड. पाठीला हत्यार लावून कोणी सकाळी शाखा उघडायला लावली तर हा वेगळा कोड दाबायचा. कीपॅडवर नेहमीसारखंच डिसआर्म झाल्याचं दिसतं, भोंगा वाजत नाही, पण पॅनेल गुपचूप धोक्याचा संदेश पाठवतं.

हे वाचून व्हॉट्सॲपवर फिरणारा तो जुना निरोप आठवला असेल: एटीएमवर पिन उलटा टाकला की पोलिसांना कळतं. ते खोटं आहे. भारतातल्या एटीएमांत अशी सोय नाही. १२२१ सारखा पिन उलटा केला तरी तोच राहतो, यावरूनच ती कल्पना किती कच्ची आहे ते कळावं. दबावाचा कोड ही खरी गोष्ट आहे, पण ती इमारतीच्या अलार्म पॅनेलमध्ये, आणि तीही बसवताना चालू केली असेल तरच.

वीज गेली, रिचार्ज संपला

पॅनेल आर्म आहे, झोन ठीक आहेत, कोड फक्त दोघांना माहीत आहे. आणि वीज गेली. पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड आणि दहा-बारा सेन्सर मिळून ०.३ अँपिअर ओढत असतील तर कागदावर ती २३ तास पुरते. दोन-तीन वर्षं जुन्या बॅटरीला निम्मे धरा, त्यात भोंगा वाजला तर आणखी कमी. मोठ्या पावसात दीड-दोन दिवस वीज नसलेल्या गावात हा हिशेब आधी करावा लागतो.

संदेश पाठवणाऱ्या डायलरमध्ये सिमकार्ड असतं, आणि ते प्रीपेड असेल तर त्याचं रिचार्ज ही कोणाचीच जबाबदारी नसते. वैधता संपते, कोणाला कळत नाही, कारण त्या नंबरवर कोणी फोन करत नाही. जुने डायलर फक्त टूजीवर चालतात. त्यात टूजी सेवा नसलेल्या कंपनीचं सिम घातलं तर पहिल्या दिवसापासूनच फोन जात नाही.

वाजल्यावर कोण येणार?

पिंपरखेड, जांबूत, कवठे येमाई ही गावं शिरूरच्या बेट भागात, घोड आणि कुकडी नद्यांच्या मधे आहेत, तालुक्याच्या ठिकाणापासून लांब. दौंड तालुक्यातही यवत, पाटस, कुरकुंभ महामार्गालगत असले तरी भीमेकाठची गावं आत आहेत. तिथे भोंगा वाजून पोलिस येईपर्यंत जे काही करायचं ते गावच करतं.

पुणे ग्रामीण भागात वापरली जाणारी ग्राम सुरक्षा यंत्रणा याच गरजेतून आलेली आहे. एका टोल फ्री क्रमांकावर फोन करून बोललं की तो आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर कॉलच्या रूपात पोहोचतो. आपत्कालीन ११२ आहेच. मात्र पॅनेलमधला डायलर बहुधा फक्त मालकाला फोन करतो, आणि मालक रात्री झोपताना मोबाइल सायलेंटवर ठेवतो. म्हणून डायलरमध्ये दोन-तीन नंबर भरायचे, त्यातला एक इमारतीशेजारी राहणाऱ्याचा. ज्याचा नंबर भरला त्याला आधी सांगून ठेवायचं: हा फोन आला तर एकटं आत जायचं नाही, लांबून बघायचं, ११२ लावायचा आणि ग्राम सुरक्षेवर निरोप सोडायचा.

चाचणीला महिन्यातली दहा मिनिटं लागतात. शेजाऱ्यांना सांगून आर्म करायचं, एकेक दार आणि खिडकी उघडून कीपॅडवर त्याच झोनचा आकडा येतो का बघायचं. मग डिसआर्म करायचं आणि त्या अवस्थेत पॅनिक दाबायचा, फोन खरंच वाजतो का पाहायला. शेवटी पॅनेलचा वीजपुरवठा काढून तासभर तसंच सोडायचं. बॅटरी खराब असेल तर कीपॅडचे दिवे त्या तासातच मंदावू लागतात.